तरुण वयातील उच्च रक्तदाब : हेतुपरीक्षण आणि व्यायाममात्रा

उच्च रक्तदाब हा पन्नाशीनंतरचा विकार आहे, ही समजूत लोकांत जशी दृढ आहे तशीच, थोड्याफार फरकाने, आपणा वैद्यांतही आहे. विशी-तिशीतील रुग्ण अम्लपित्त, शिरःशूल, केशपतन किंवा निद्रानाश यांची तक्रार घेऊन येतो. आपण त्याची नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, कोष्ठाची चौकशी करतो आणि औषध देतो. रक्तदाबमापक टेबलावरच असतो, पण त्याचा पट्टा त्या तरुण दंडाला क्वचितच लागतो. आम्ही छत्रपती संभाजीनगर येथे व्यवसाय करतो. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांत पाळीने काम करणारे, क्रीडा संकुलावर भल्या पहाटे धावणारे आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रात्री काढणारे तरुण आमच्याकडे येतात. या तिन्ही वर्गांत वाढलेला रक्तदाब आम्हांस अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळला, आणि एका रुग्णात तो आढळूनही आमची चूक झाली. त्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार करावयाचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता अथवा त्यासाठी त्या औषध घेत होत्या. वयाबरोबर हे प्रमाण वाढते हे खरे. परंतु तरुणपणी वाढलेला दाब अधिक वर्षे धमन्यांवर, हृदयावर व वृक्कांवर आघात करतो, हे ध्यानी घ्यावयास हवे. अमेरिकेत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद करून त्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. चाळिशीपूर्वीच ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्यांच्यात पुढे हृद्रोग व पक्षाघात यांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. बहुतेक तरुणांना या काळात कोणतेच लक्षण जाणवत नाही. म्हणून रुग्ण तक्रार करील तेव्हा पाहू, हा विचार येथे उपयोगी पडत नाही.

आयुर्वेदीय विचार

संहिताग्रंथांत उच्च रक्तदाब या नावाचा व्याधी नाही, हे प्रारंभीच स्पष्टपणे मान्य करावे. रक्तगत वात, रक्तावृत वात, व्यानबलवैषम्य, शिरागत वात, धमनीप्रतिचय अशी अनेक नावे आजवर सुचविली गेली आणि प्रत्येक नावासाठी परिसंवादांत बराच वाद झाला. आम्हांस हा वाद फारसा फलदायी वाटत नाही. व्याधीचे नाव सांगता न आल्यास वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना ठराविक नाव नसते, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. हेतू, दोषप्रकृती आणि अधिष्ठान जाणून चिकित्सा करावी, हा त्यातील मुख्य उपदेश आहे. रक्तदाबाचा आकडा हे एक लिंग आहे. त्यामागील हेतू प्रत्येक रुग्णात वेगळा असू शकतो, आणि रुग्ण जितका तरुण तितका हा हेतू शोधून काढण्याजोगा असण्याची शक्यता अधिक.

संप्राप्तीच्या दृष्टीने पाहता व्यान वायू, साधक पित्त, अवलंबक कफ व रस-रक्त धातू यांचा संबंध बहुतेकांना मान्य आहे. विमानस्थानात रसवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे सांगताना गुरू, शीत, अतिस्निग्ध व अतिमात्र आहार यांच्याबरोबर अतिचिंतन सांगितले आहे. परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारा, वडापाव-भजी यांवर दिवस काढणारा, दिवसभर एका खुर्चीवर बसणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणला म्हणजे या यादीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मात्र 'चिंता' हा हेतू सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. आमची चूक येथेच झाली.

मापन

इटलीचे रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन तयार केले आणि रशियन शल्यचिकित्सक कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये धमनीवर श्रवणयंत्र ठेवून ध्वनी ऐकण्याची पद्धत सांगितली. साधन जुने आहे, तरी त्याचा वापर आजही निष्काळजीपणे होतो. रुग्णास पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसवावे. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू वा व्यायाम झालेला नसावा. मूत्रवेग असल्यास प्रथम त्याचे विसर्जन करू द्यावे; वेगधारणाने दाब वाढतो, याचा प्रत्यय तेथेच येतो. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. पट्ट्यातील फुगणारी पिशवी दंडाच्या परिघाचा सुमारे ८० टक्के भाग व्यापणारी हवी. जिममध्ये कमावलेल्या जाड दंडाला साधा पट्टा बांधला तर दाब खोटाच वाढलेला दिसतो. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मापन करावे, एक-दोन मिनिटांच्या अंतराने पुन्हा पाहावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीशिवाय निदान करू नये.

भारतातील व्यवहारात १४०/९० ही मर्यादा धरली जाते. घरी मोजलेल्या दाबाची सरासरी १३५/८५ वा अधिक असल्यास तो वाढलेला मानतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मर्यादा १३०/८० वर आणली. तरुणास १३४/८६ असल्यास त्यास 'रोगी' म्हणण्याची घाई नको, पण 'काही नाही' म्हणून घरीही पाठवू नये. काही उंच, सडपातळ, खेळाडू तरुणांत केवळ वरचा आकडा वाढलेला दिसतो व खालचा अगदी स्वाभाविक असतो. त्यांच्या धमन्या लवचिक असल्याने दंडाच्या धमनीतील दाब महाधमनीतील दाबापेक्षा बराच अधिक उमटू शकतो. अशांना घरी मोजून वर्षभर निरीक्षणात ठेवणे इष्ट.

एक रुग्ण

पैठण तालुक्यातील २२ वर्षांचा एक तरुण पोलीस भरतीच्या तयारीसाठी शहरात राहत होता. भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावे लागते, त्याचा सराव तो नित्य करी. एप्रिल महिन्यात धावताना दोन वेळा नाकातून रक्त आले म्हणून तो आमच्याकडे आला. प्रकृती पित्तप्रधान, ऋतू ग्रीष्माकडे झुकलेला, उन्हातील श्रम व तिखट आहार. ऊर्ध्वग रक्तपित्ताचे निदान करण्यास आम्हांस एक मिनिटही लागले नाही. वासा, उशीर, प्रवाळ अशी योजना केली. दुसऱ्या भेटीत डोके ठणकते असे तो म्हणाला म्हणून रक्तदाब पाहिला, तो १६४/९६ होता. भरतीची जाहिरात आलेली, घरची परिस्थिती बेताची, वडिलांवर कर्ज. चिंतेचा हेतू डोळ्यांसमोर होता. ब्राह्मी, जटामांसी व सर्पगंधा सुरू केली, शिरोधारेची सात सत्रे केली. दाब १५० च्या आसपास उतरला. आम्ही समाधान मानले.

पाच महिन्यांनी बोलता बोलता तो म्हणाला, "वैद्यराज, दम पुरतो, पण पायच साथ सोडतात. पोटऱ्या भरून येतात." त्या दिवशी प्रथमच आम्ही त्याच्या पायांकडे नीट पाहिले. खांदे व छाती भरदार, पोटऱ्या मात्र त्या मानाने कृश. पावलाच्या पृष्ठभागावरची नाडी हाताला लागेना. जांघेतील नाडी क्षीण होती, आणि एक हात मनगटावर व दुसरा जांघेत ठेवून पाहिले असता तिचा ठोका मनगटातील ठोक्यामागून येत होता. त्यास त्याच दिवशी पत्र देऊन घाटी रुग्णालयात पाठविले. पुढील तपासण्यांत महाधमनीचा जन्मजात संकोच निश्चित झाला. संकोचाच्या वर, म्हणजे शिर व हात यांत, दाब वाढलेला. खाली, पायांत, कमी. नाकातील रक्त, डोक्याचा ठणका, पोटऱ्यांचा शीण ही सर्व एकाच विकृतीची लक्षणे होती. पुढे संकुचित भाग फुग्याने रुंद करून तेथे स्टेंट बसविण्यात आला. आज तो अल्प मात्रेतील एका औषधावर आहे व त्याची वार्षिक तपासणी चालू आहे. भरतीचे ते वर्ष मात्र त्याच्या हातून गेले, आणि त्यातील पाच महिने आमच्यामुळे गेले.

नाडीपरीक्षा हा आपल्या शास्त्राचा अभिमानाचा विषय. त्या तरुणाची हातातील नाडी आम्ही प्रत्येक भेटीत पाहिली होती, तिची गती व बल यांची नोंदही केली होती. पायाची नाडी पाहण्यास अर्धा मिनिट लागतो आणि त्यास कोणतेही यंत्र लागत नाही. तेव्हापासून ४० वर्षांखालील प्रत्येक उच्च रक्तदाबाच्या रुग्णात दोन्ही मनगटे, दोन्ही जांघा व दोन्ही पावले येथील नाड्या पाहण्याचा नियम आम्ही ठेवला आहे. तरुण स्त्रियांत या नियमाचे आणखी एक प्रयोजन आहे. जपानचे नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ मध्ये ज्याचे पहिले वर्णन केले, तो मोठ्या धमन्यांचा शोथ मुख्यतः तरुण स्त्रियांत होतो व आशियाई देशांत अधिक आढळतो. त्यात एका हाताची नाडी मंद किंवा नाहीशी होते, दोन दंडांच्या दाबांत मोठा फरक पडतो, हात लवकर थकतो. अशा स्त्रीचा दाब केवळ रोगग्रस्त हातावर मोजला तर तो कमीच दिसेल व वैद्य निश्चिंत होईल.

हेतुशोध

वृक्कविकार हे तरुणांतील दुय्यम रक्तदाबाचे एक प्रमुख कारण होय. पहाटे पापण्यांवर सूज, फेसाळ मूत्र, पूर्वी झालेला मूत्रमार्गाचा दाह यांविषयी विचारावे. मूत्रातील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, रक्तशर्करा, थायरॉइड व हृदयालेख एवढ्या तपासण्या प्रत्येकात कराव्यात. पोटॅशियम कमी आढळल्यास अधिवृक्क ग्रंथींचा विचार तज्ज्ञाकडून करवून घ्यावा. मधूनमधून अचानक धडधड, घाम व डोकेदुखी यांचे झटके येत असतील तरीही तसेच. जाड मान, मोठे घोरणे व दिवसा डुलक्या असल्यास निद्रेतील श्वासावरोध संभवतो. पाळीने काम करणाऱ्यांत तो 'रात्रपाळीचा थकवा' म्हणून दुर्लक्षिला जातो. स्त्रियांत गर्भनिरोधक गोळ्या आणि पूर्वीच्या गर्भारपणात वाढलेला दाब यांची चौकशी राहू नये.

आता थोडे कटू. रुग्ण काय घेतो हे विचारताना आपण वेदनाशामक गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, कॅफीनयुक्त पेये, तंबाखू यांविषयी विचारतो. ते योग्यच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू व सुपारी निरनिराळ्या पुड्यांतून तरुणांच्या खिशात असतेच. जिममध्ये मिळणाऱ्या, चार महिन्यांत शरीर कमावून देणाऱ्या पावडरी व सुया यांत पौरुष-संप्रेरके असू शकतात, हेही आता ठाऊक झाले आहे. पण आपण स्वतः काय देतो? यष्टिमधू हे आपले अम्लपित्तातील, कासातील, स्वरभेदातील आवडते द्रव्य. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे वृक्कांत कॉर्टिसॉल निष्क्रिय होण्याची क्रिया मंदावते, सोडियम साठते, पोटॅशियम बाहेर पडते आणि दाब वाढतो. अधिक मात्रेत, महिनोन्महिने यष्टिमधू चूर्ण घेणाऱ्या तरुणाचा रक्तदाब वाढलेला आढळल्यास प्रथम ते बंद करून पाहावे. लवणभास्कर चूर्णात लवणांचा वाटा मोठा आहे. पोट साफ होत नाही म्हणून ते नित्य घेणारे, वर खाण्याचा सोडा पिणारे रुग्ण कमी नाहीत. श्वासावरील काही योगांत सोमलता असते; तीतील एफेड्रिन दाब वाढविते. आणि ज्या पुडीवर घटकद्रव्यांचे नावच नाही, जिने सांधेदुखी दोन दिवसांत थांबते व चेहरा गोल होत जातो, ती पुडी 'आयुर्वेदिक' म्हणून विकली जात असेल तर त्याविरुद्ध बोलण्याचे पहिले कर्तव्य आपल्याच संघटनांचे आहे.

लवणाविषयी चरकांचे विवेचन मुळातून वाचण्यासारखे आहे. पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत सेवू नयेत असे विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून, बाह्लीक, सौराष्ट्र, सिंध व सौवीर येथील लोक दुधाबरोबरही लवण खातात व अतिलवणसेवनाने अकाली पालित्य, खालित्य व वली येतात असे ते नोंदवितात. देशपरत्वे आहाराची अशी पाहणी त्या काळी झाली, याचे कौतुक वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, मीठ सांगते. आपल्याकडे भाकरीबरोबरचा ठेचा, लोणचे, पापड, फरसाण आणि कारखान्याच्या उपाहारगृहातील भाजी यांत ते कधीच ओलांडले जाते. सैंधव सौम्य म्हणून कितीही चालते, हा समज रुग्णांत आपणच पसरविला. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

सडपातळ म्हणजे स्वस्थ नव्हे

वजन कमी आहे म्हणून रक्तदाब नसणार, हा दुसरा भ्रम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, अगदी समान. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के व याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसण्यात कृश, आतून मेदस्वी, असा आपल्याकडील अनेकांचा देह असतो. म्हणून वजनाच्या काट्याबरोबर मोजपट्टी हवी. पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. यांपलीकडे कंबर गेली असल्यास मेदोवह स्रोतसांचा विचार करावा, मग रुग्णाचे हातपाय कितीही बारीक असोत.

सर्पगंधेविषयी

या विषयात सर्पगंधेचा उल्लेख अपरिहार्य आहे. कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा निद्राजनक व रक्तदाबशामक गुण प्रसिद्ध केला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपल्या रुग्णांवरील अनुभव मांडले, आणि मग जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले, डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच रेसर्पिनच्या वापरातून विषाद, नासावरोध, आमाशयव्रण, हृद्गतिमांद्य व तंद्रा हे उपद्रव पुढे आले, ते सांगताना आवाज खाली येतो. परीक्षेच्या ताणाने आधीच खिन्न असलेल्या तरुणास, गर्भिणीस, रात्री यंत्रावर काम करणाऱ्यास किंवा वाहनचालकास सर्पगंधा देऊ नये, असे आमचे मत आहे. आमच्या रुग्णात तिने आकडा थोडा उतरविला आणि त्यामुळेच कारणाचा शोध लांबला.

रुग्ण आधीपासून आधुनिक औषध घेत असल्यास ते आपल्या औषधाच्या भरवशावर एकाएकी थांबवू नये. काही औषधे अकस्मात बंद केल्यास दाब उसळून येतो. दाब १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत वेदना, दृष्टिमांद्य, वांती, बोबडेपणा वा एकांगी दौर्बल्य असल्यास तेथे आपले औषध नाही. तत्काळ रुग्णालय हाच मार्ग.

व्यायाममात्रा

व्यायामाने लाघव व कर्मसामर्थ्य येते, आणि त्याच्या अतियोगाने श्रम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास उत्पन्न होतात, असे चरकांनी एकाच अध्यायात सांगितले आहे. वाग्भटांनी अर्धशक्तीची मर्यादा घालून तोही शीत व वसंत ऋतूंत करावा, इतर काळी त्याहून अल्प, असे म्हटले. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार असताना दहा वाजेपर्यंत मैदानावर धावणाऱ्या मुलांना हे सांगावे लागते. अर्धशक्ती ओळखण्याची खूण म्हणजे कपाळ, नाक व काखेत घाम, मुखावाटे श्वास आणि तोंडास कोरड. आजचे प्रशिक्षक सांगतात की चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये. दोन्ही खुणा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात.

उच्च रक्तदाबाच्या तरुणास व्यायाम बंद करावयास सांगणे चूक आहे. आठवड्यास किमान १५० मिनिटे भरभर चालणे, सायकल वा पोहणे यांनी वरचा दाब सुमारे ५ ते ८ मि.मी. उतरू शकतो, प्रत्येक किलो वजन घटल्यास साधारण १ मि.मी.ची भर पडते. विद्यापीठाचा परिसर, हिमायत बाग, गोगाबाबा टेकडीची वाट यांस पैसे पडत नाहीत. मात्र दाब १८०/११० वा अधिक असताना, किंवा हेतू अद्याप अनिश्चित असताना, धावणे व वजन उचलणे थांबवून प्रथम निदान करावे.

वजन उचलण्याविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ मध्ये धमनीत सूक्ष्म नळी ठेवून व्यायामपटूंचा दाब मोजला गेला. दोन्ही पायांनी भार ढकलताना तो क्षणभर सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला, एकात तर ४८०/३५० च्याही पुढे गेला. निरोगी देहाने ते सोसले. ज्याच्या धमन्या आधीच ताणलेल्या आहेत त्याने तो प्रयोग करू नये. या चढावाचे एक मोठे कारण श्वास कोंडून भार उचलणे हे आहे. श्रमजन्य श्वास हा अधारणीय वेगांपैकी एक असून त्याच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात, हे आपण प्रथम वर्षापासून पाठ म्हणतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या रुग्णास आम्ही एवढेच सांगतो : भार निम्मा घ्या, आवर्तने वाढवा, भार उचलताना श्वास सोडा, आणि शेजारच्याच्या वजनाकडे पाहू नका. चौथ्या सूचनेचे पालन सर्वांत कठीण जाते.

वरील सर्व उपायांस तीन महिने द्यावेत, घरच्या मापनाची वही ठेवावयास सांगावी व ती प्रत्येक भेटीत पाहावी. वृक्कविकार, मधुमेह, मूत्रात प्रथिने किंवा १६०/१०० च्या वर स्थिरावलेला दाब असल्यास तीन महिनेही थांबू नये. आमच्या रुग्णपत्रिकेवर आता उजवा दंड, डावा दंड आणि पादनाडी असे तीन रकाने छापून घेतले आहेत. ते भरल्याशिवाय औषध लिहिण्याची जागा येत नाही.